मूर्तिजापूरचा मालधक्का

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अकोला मागे पडले आणि बडनेरा अजून यावयाचे आहे, अशा मधल्या टप्प्यात मूर्तिजापूर लागते. आणि पन्नाशी ओलांडलेल्या वऱ्हाडी माणसापुढे त्या स्थानकाचे नाव काढले की, त्याला मोठ्या गाडीच्या आधी एका अंगाने यवतमाळकडे आणि दुसऱ्या अंगाने अचलपूरकडे जाणारी, लोकांनी 'शकुंतला' या घरगुती नावाने हाक मारलेली ती लहान गाडीच आठवते. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या व्यवस्थेखाली हा मार्ग उभा राहिला. त्याच्या दोन रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर, तर शेजारून जाणाऱ्या मुंबईच्या मार्गाचे १६७६ मिलिमीटर. १९९४ पर्यंत तिच्या पुढे वाफेचे इंजिन असे. यवतमाळच्या अंगाचे सुमारे ११३ किलोमीटर ती आपल्या चालीने तुडवीत येई, आणि मग तिच्या डब्यांतील कापसाच्या गाठी मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर उतरवून, हमालांच्या पाठीवरून, मोठ्या गाडीच्या डब्यांत चढवाव्या लागत. पुढची गाडी कितीही वेगवान असली, तरी यवतमाळची गाठ मुंबईच्या गोदीत कोणत्या दिवशी पोहोचेल, हे त्या लहान गाडीच्या चालीवर आणि त्या धक्क्यावरच्या माणसांच्या उरकावर ठरे.

संगणकाला बाहेरून जोडावयाचे वेगवान कोठार, म्हणजे ज्याला बाजारात एक्स्टर्नल डिस्क किंवा एक्स्टर्नल एसएसडी म्हणतात ते, निवडण्याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. आणि त्यासाठी मला मूर्तिजापूरच्या धक्क्यापेक्षा अधिक समर्पक दृष्टांत सापडलेला नाही. डिस्कच्या खोक्यावर छापलेला वेग हा केवळ त्या डिस्कचा वेग असतो. माहिती जेथून निघते ते ठिकाण, ज्या तारेतून ती जाते ती तार, संगणकाच्या ज्या खाचेत ती तार खोचली आहे ती खाच, डिस्कच्या डबीतील दुभाषी चिप आणि सरतेशेवटी प्रत्यक्ष डिस्क, अशा पाच मुक्कामांतून माल जातो, आणि त्यांपैकी जो सर्वांत अरुंद, त्याचाच वेग साऱ्या प्रवासाचा वेग ठरतो. हे ज्याने एकदा मनात पक्के धरले, त्याचे पैसे सहसा वाया जात नाहीत.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. अमरावतीस राजकमल चौकापासून जवळच्या एका गल्लीत लग्नांच्या चित्रफिती काढणाऱ्या एका तरुणाने मला आपल्या स्टुडिओत बोलावून नेले. ज्येष्ठातील लग्नांची दाटी होती, खोलीत कूलर घरघरत होता, आणि टेबलावर नव्या डिस्कचे खोके उघडे पडलेले होते. "भाऊ, डब्ब्यावर हजार लिहेल आहे," तो म्हणाला, "अन् कॉपी व्हाले रातभर लागून राहिली. मले फसवलं का जी दुकानदारानं?" पडद्यावरच्या चौकटीत सेकंदाला ३६ मेगाबाइट हा आकडा दिसत होता. डिस्क संगणकाच्या पुढच्या बाजूच्या काळ्या खाचेत लावलेली होती, आणि डिस्कबरोबर आलेली आखूड तार पुरेना म्हणून मोबाइलच्या चार्जरची लांब पांढरी तार जोडलेली होती. आम्ही कॅबिनेट भिंतीपासून ओढले, मागच्या बाजूची धूळ फडक्याने पुसली, मदरबोर्डला थेट जडलेली आणि शेजारी '१०' हा आकडा कोरलेली टाइप-सी खाच शोधून काढली, आणि मूळची आखूड तार लावून डिस्क कॅबिनेटच्या मागेच एका लाकडी पाटावर ठेवली. संगणकातल्या एसएसडीवरून तीच चित्रफीत पुन्हा उतरवू लागताच आकडा साडेनऊशेच्या घरात गेला. दुकानदाराने फसविलेले नव्हते.

पण गोष्ट तेथे संपली नाही, आणि तिचा उत्तरार्ध पूर्वार्धाहून अधिक शिकविणारा आहे. त्या तरुणाने आनंदाने कॅमेऱ्याचे कार्ड रीडरमध्ये घातले आणि त्यावरचा माल थेट नव्या डिस्कवर उतरविण्यास आरंभ केला, तो आकडा पुन्हा नव्वदवर येऊन बसला. कारण स्पष्ट होते. त्याचे कार्ड यूएचएस-१ या जातीचे होते, आणि त्या जातीची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. येथे डिस्क मोठ्या रुळांवर उभी होती, तार मोठी होती, खाच मोठी होती. परंतु माल शकुंतलेतून येत होता. कार्डावरून उतरविण्याचेच काम ज्याला मुख्यत्वे करावयाचे आहे, त्याने चारपट महाग डिस्क घेण्याऐवजी यूएचएस-२ जातीचे कार्ड आणि त्याच जातीचा रीडर यांवर पैसा घालावा, अर्थात त्याचा कॅमेरा तसले कार्ड घेत असेल तर. त्या जातीची मर्यादा ३१२ मेगाबाइटांची आहे.

आता या आकड्यांची भाषा थोडी समजावून घेतली पाहिजे, कारण बाजारातील निम्मा घोटाळा या भाषेतून उपजतो. तारेचा आणि खाचेचा वेग 'गिगाबिट'मध्ये सांगतात, आणि डिस्कचा वेग 'मेगाबाइट'मध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून पहिल्या आकड्याला आठाने भागल्याखेरीज त्यांची तुलना होत नाही. शिवाय मालाबरोबर त्याचे वेष्टनही जावे लागते. ५ गिगाबिटांच्या यूएसबीत प्रत्येक आठ बिटांमागे दहा बिट पाठवावे लागतात, म्हणून तेथे ६२५ ऐवजी ५०० मेगाबाइटच उरतात आणि प्रत्यक्षात हाती साडेचारशेच्या आसपास येतात. १० गिगाबिटांच्या पद्धतीत हे वेष्टन पुष्कळ हलके केलेले आहे. तेथे हजाराच्या जवळपास वेग मिळू शकतो.

यूएसबीचे पहिले प्रमाणपत्रक १९९६ च्या जानेवारीत निघाले. ते घडविणाऱ्यांत इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे अग्रणी होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. त्या वेळी १२ मेगाबिटांचा वेग पुरेसा वाटला होता. पुढे २००० साली ४८० मेगाबिट, २००८ साली ५ गिगाबिट, २०१३ साली १०, २०१७ साली २०, २०१९ साली ४० आणि २०२२ साली ८० गिगाबिट अशी वाढ होत गेली. दुर्दैवाने वेग वाढविताना नावे मात्र दोन दोनदा बदलली गेली. ज्याला आधी यूएसबी ३.० म्हणत, त्यालाच पुढे ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ म्हणू लागले, आणि तिन्ही खोक्यांतील वस्तूचा वेग ५ गिगाबिटच राहिला. एलिचपूर म्हणा की अचलपूर म्हणा, गाव एकच. म्हणून दुकानात गेल्यावर आवृत्तीचा क्रमांक विचारू नये, 'किती गिगाबिट?' एवढेच विचारावे, आणि उत्तर खोक्यावर छापलेले दाखवा म्हणावे.

खाचेच्या आकाराविषयीही अशीच एक दृढ समजूत आहे. टाइप-सी ही लांबट, दोन्ही बाजूंनी बसणारी खाच दिसली की ती वेगवान असणार असे लोक धरून चालतात. पण टाइप-सी हा केवळ तोंडाचा आकार आहे. त्या तोंडामागे ४८० मेगाबिटांचा अरुंद मार्ग असू शकतो, तसाच ४० गिगाबिटांचा राजमार्गही असू शकतो. मोबाइल चार्ज करण्यासाठी दिलेल्या अनेक टाइप-सी तारांमध्ये वेगवान वाहतुकीचे तंतू घातलेलेच नसतात. वीज नेणे हे त्यांचे काम, आणि माहिती नेण्याची वेळ आली तर त्या यूएसबी २.० च्या वेगाने नेतात. त्या स्टुडिओतील पांढरी तार याच जातीची होती. मेजाखाली किंवा कॅबिनेटमध्ये राहणाऱ्या संगणकाच्या पुढच्या खाचा आतून एका वेगळ्या वायरने मदरबोर्डला जोडलेल्या असतात, आणि स्वस्त कॅबिनेटमध्ये त्यांतील काही यूएसबी २.० च्याच असतात. निळ्या रंगाची जीभ बहुधा ५ गिगाबिटांची खूण असते, काळी बहुधा जुन्याची. परंतु हा रंगसंकेत प्रत्येक उत्पादक पाळतोच असे नाही, तेव्हा मदरबोर्डची पुस्तिका काढून पाहणे हाच खात्रीचा मार्ग.

एवढी ओळख झाल्यावर हिशेब मांडू. चांगल्या प्रतीच्या ४के चित्रणास सेकंदाला १०० मेगाबिट लागतात असे धरले, तर एका तासाचे चित्रण ४५ गिगाबाइट होते. तीन कॅमेरे, प्रत्येकी आठ तास, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत एक लग्न सुमारे १,०८० गिगाबाइटांना, थोडक्यात एक टेराबाइटला जाते. हा एक टेराबाइट माल यूएसबी २.० च्या वाटेने, सेकंदाला ३५ मेगाबाइटांनी न्यावयाचा तर जवळजवळ आठ तास हवेत. फिरत्या चकतीच्या डिस्कवर, सरासरी १३० धरले तर, दोन तास आणि काही मिनिटे. साध्या साटा जोडणीच्या एसएसडीवर, ५०० च्या वेगाने, सुमारे तेहेतीस मिनिटे. आणि १० गिगाबिटांच्या खाचेतील, एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीच्या एसएसडीवर सुमारे सतरा मिनिटे. ४० गिगाबिटांच्या खाचेत हाच वेळ कागदोपत्री सहा मिनिटांपर्यंत उतरतो. आठ तासांवरून सतरा मिनिटे ही क्रांती आहे. सतरावरून सहावर येण्याने मात्र फार थोड्यांचे आयुष्य बदलते, आणि त्यासाठी मोजावी लागणारी रक्कम पुष्कळ असते.

या सहा मिनिटांच्या आकड्याला आणखी एक अट चिकटलेली आहे, ती खोक्यावर ठळक अक्षरांत सहसा छापलेली नसते. हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या येतात तेव्हा मोकळे अंगण असते तोवर गाडी येते, कापूस ओतते आणि निघून जाते. अंगण भरले की गाड्यांची रांग फाटकाबाहेर लागते आणि मग आतील यंत्रे ज्या गतीने कापूस खातील त्याच गतीने रांग सरकते. स्वस्त एसएसडीची रीत हीच. तिच्या स्मृतिपेशींत तीन किंवा चार बिट दाटीने भरण्याचे काम मंद असते, म्हणून ती काही भाग 'अंगण' म्हणून मोकळा ठेवते, तेथे प्रत्येक पेशीत एकेक बिट भराभर टाकून घेते, आणि सवडीने तो माल आत रचते. अंगण मोठे असेल आणि तुमची फाइल लहान असेल तर तुम्हाला कधी कळणारही नाही. पण एक टेराबाइट सलग ओतू लागलात की अंगण भरते, आणि चार बिटांच्या, ज्यांना क्यूएलसी म्हणतात त्या जातीच्या काही डिस्क अशा वेळी फिरत्या चकतीहूनही खाली येतात. म्हणून मोठे सलग ओझे वाहणाऱ्याने क्यूएलसी टाळून टीएलसी, म्हणजे तीन बिटांची, घ्यावी, आणि 'सलग लेखनाचा टिकणारा वेग' किती हे आवर्जून पाहावे. एसएसडीतील या स्मृतीचा जनक जपानी अभियंता फुजिओ मासुओका. तोशिबा कंपनीत असताना त्याने १९८४ साली ती जगापुढे मांडली, आणि आज आपण वापरतो त्या नॅन्ड जातीचे पहिले निवेदन १९८७ साली झाले.

फिरती चकती याहून जुनी आहे. १९५६ साली आयबीएमने बाहेर काढलेल्या पहिल्या चकतीकोठारात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या, वजन सुमारे एक टन होते, आणि त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्राएवढीच ती जागा. आजची वेगवान चकती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सव्वाआठ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. हवा असलेला मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, त्यात टोक इकडून तिकडे नेण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले म्हणजे असे दिसते की, सुटी सुटी माहिती सेकंदाला फार तर ऐंशीएक वेळा हुडकता येते. एकच मोठी चित्रफीत ती बऱ्या वेगाने वाचते. पण हजारो लहान फाइलींचे दप्तर, लेखापालाच्या जमाखर्चाचा विदासाठा किंवा छायाचित्रांच्या लघुप्रतिमा तिच्यावर उघडू लागलात की ती धापा टाकते. एसएसडीला यातले काहीच नडत नाही, कारण तेथे हलणारे टोकच नाही. माझे मत असे की, ज्यावर रोजचे काम करावयाचे त्या कोठारासाठी आता चकतीचा विचारच करू नये.

चकत्यांतही एक पोटभेद आहे, तो विकत घेताना बहुधा सांगत नाहीत. वऱ्हाडातील जुन्या घरांचे छप्पर ज्यांनी शाकारलेले पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, एका कवेलूची कड दुसऱ्यावर चढलेली असते, म्हणून मधला एक कवेलू बदलावयाचा तर त्याच्यावरचे अनेक उचलावे लागतात. एसएमआर पद्धतीच्या चकतीवर लेखनाच्या रेषा अशाच एकमेकींवर चढवून जागा वाढविलेली असते, आणि म्हणून जुन्या मजकुरात फेरफार करू गेले की शेजारच्या कित्येक रेषा पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा लिहून कपाटात ठेवावयाच्या दप्तरास ही जात चालते. रोज पुसून रोज लिहिण्यास ती नको.

मग घ्यावे काय? त्याआधी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा, की हे कोठार बाहेरच का हवे. मांडीवरच्या संगणकाच्या मालकाला पर्याय नसतो. पण ज्याच्या घरी उभे कॅबिनेट आहे, त्याच्या मदरबोर्डवर एनव्हीएमईची एखादी खाच रिकामी पडलेली असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि तेथे बसविलेली डिस्क कोणत्याही बाहेरच्या डिस्कपेक्षा कमी पैशात अधिक वेग देते. माल जर त्याच टेबलावर राहणार असेल, तर तो घरातच ठेवावा. बाहेरचे कोठार त्याच्यासाठी, ज्याला अमरावतीचे काम अकोल्यास न्यावयाचे आहे, ज्याचे संकलन एका यंत्रावर आणि रंगकाम दुसऱ्यावर होते, किंवा ज्याला कामाची नक्कल कुलूपबंद ठेवावयाची आहे. त्याने १० गिगाबिटांची, टीएलसी जातीची, धातूच्या कवचाची एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. २० गिगाबिटांच्या डिस्कचा मोह मी टाळावयास सांगतो, कारण ती पद्धत थोड्याच संगणकांना येते, आणि अनेक थंडरबोल्ट व यूएसबी ४ खाचांमध्ये लावली असता ती मुकाट्याने १० वर उतरते. ४० गिगाबिटांची डिस्क आपल्या मदरबोर्डवर तशी खाच आहे याची रुजुवात झाल्याखेरीज घेऊ नये. जुन्या यंत्रात खाचच नसेल, तर आत बसविण्याचे १० गिगाबिटांचे एक कार्ड मिळते. उभ्या कॅबिनेटची ही मोठी सोय आहे.

आकारमानाविषयी दोन शब्द. एक टेराबाइटची डिस्क लावल्यावर विंडोज ९३१ गिगाबाइट दाखविते, तेव्हा चोरी झाली असे समजू नये. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीने, जशी एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजारात वेगळी भरत असे. चोरी निराळीच असते. अविश्वसनीय स्वस्तात '१६ टेराबाइट' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत पुष्कळदा एक लहानसे कार्ड असते आणि त्यातील चिपला खोटे बोलण्यास शिकविलेले असते. जागा संपल्यावरही ती माल घेत राहते, फाइलींची नावे दिसत राहतात, आणि आत काहीच नसते. नवी डिस्क आणल्याबरोबर ती काठोकाठ भरून, भरलेले परत वाचून पाहावे. याची विनामूल्य साधने मिळतात. हे केल्याशिवाय तिच्यावर कोणाचे लग्न सोपवू नये.

पुण्या-मुंबईच्या लेखकांच्या ध्यानात सहसा न येणारी एक बाब म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, आणि चकतीच्या अनेक बाह्य डिस्कांच्या पत्रकात चालू स्थितीतील वातावरणाची वरची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. एसएसडी याहून सोशिक. पण जास्त तापली की ती स्वतःच आपला वेग कमी करते, आणि सतरा मिनिटांचे काम चाळीसवर जाते. अशा दिवसांत मोठी उतरवणूक पहाटे करावी. डिस्क कॅबिनेटच्या डोक्यावर, जेथून आतली गरम हवा बाहेर पडते तेथे, ठेवू नये. गारव्यासाठी म्हणून ती कूलरच्या झोतात ठेवणारेही मी पाहिले आहेत. वाळ्याच्या ताटीतून येणारी ती हवा थंड खरी, परंतु ओली असते, आणि तिच्याबरोबर पाण्यातील क्षारांची बारीक भुकटीही येते. धातूच्या खाचांवर तिचा थर बसतो. झोतापासून बाजूला, खुल्या लाकडी पाटावर, हीच जागा उत्तम.

विजेचेही तसेच. यूएसबी ३ ची खाच साडेचार वॅट वीज देते, यूएसबी २ ची अडीच. लहान चकतीची डिस्क जुन्या खाचेवर किंवा वीज नसलेल्या हबवर लावली की ती टकटक आवाज करीत उठते आणि पुन्हा बसते, आणि लोक तिला बिघडलेली समजतात. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अ‍ॅडाप्टर लागतो. भारनियमनाच्या भीतीने संगणक यूपीएसवर घेणारी मंडळी हा अ‍ॅडाप्टर मात्र भिंतीतल्या सॉकेटात लावून मोकळी होतात. वीज गेली की संगणक जिवंत राहतो आणि डिस्क लिहिता लिहिता मरते. असा आघात एक्सफॅट पद्धतीने आखलेल्या डिस्कला अधिक जिव्हारी लागतो, कारण तीत चालू व्यवहाराची नोंदवही नसते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये ती असते. मॅक आणि विंडोज दोन्हींवर डिस्क फिरवावयाची नसेल, तर एनटीएफएसच निवडावी. जुन्या फॅट ३२ चा विचार करू नये. तीत चार गिगाबाइटांहून मोठी फाइल मावतच नाही.

वेगाविषयी एवढे विस्ताराने लिहिल्यावर हेही सांगितले पाहिजे की, वेगवान डिस्क ही जपणुकीची जागा नव्हे. एसएसडीच्या पेशींतील विद्युद्भार वीज न मिळता वर्षानुवर्षे पडून राहिल्यास हळूहळू गळतो, आणि उष्णतेत तो अधिक लवकर गळतो. वऱ्हाडातल्या पत्र्याच्या कपाटात ती विसरून जाणे म्हणजे कापूर उघडा ठेवणे. जपणुकीसाठी स्वस्त, मंद, मोठ्या चकतीच्या दोन डिस्क घ्याव्यात आणि त्या दोन निरनिराळ्या घरी ठेवाव्यात.

प्रतीचे मोल काय असते हे अमरावतीला कोणी शिकवावयास नको. जैनांचा 'षट्खंडागम' आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची 'धवला' टीका शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीच्या वसतीत, म्हणजे जैन मंदिरात, जुन्या कानडी लिपीतील ताडपत्रांवर, जवळजवळ कुलूपबंद होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे नकला करण्यास आरंभ झाला, ते काम काही दशके चालले, आणि त्या नकलांच्या नकला निघत निघत त्यांतली एक आरा येथे, एक कारंजा येथे आणि एक अमरावतीस येऊन पोहोचली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी या तीन नकला एकमेकींशी ताडून पाठ सिद्ध केला, आणि १९३९ मध्ये त्याचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला; पुढे एकूण सोळा खंड झाले. नकलनवीसाच्या डुलकीने एका प्रतीत गळलेली ओळ दुसऱ्या प्रतीत सापडे, आणि जेथे तिन्ही प्रतींत तोच दोष उतरला होता, तेथे मूडबिद्रीच्या मूळ पानांशी पाठ मिळवून पाहण्याची सोय पुढे झाली तेव्हाच निकाल लागला. आजच्या भाषेत ज्याला चेकसम म्हणतात, त्या रुजुवातीचेच हे काम होते, आणि ते माणसाने डोळ्यांनी केले. आपल्या संगणकावर ते एका आज्ञेने होते. अस्सल फाइल आणि नक्कल यांचे चेकसम जुळले की दोन्ही तंतोतंत एक आहेत असे खुशाल समजावे, आणि ते जुळल्याखेरीज कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.

त्या तरुणाने अखेर एक वेगवान डिस्क कामासाठी आणि दोन मंद डिस्क जपणुकीसाठी अशी तजवीज केली. मंदांपैकी एक त्याच्या अकोल्याच्या बहिणीकडे असते आणि दर दिवाळीला, राखीला ती भरून परत जाते. वाचकांनीही आपल्या घरी असे एक दुसरे घर ठरवावे, जाताना डिस्क बरोबर न्यावी, आणि तिच्या डबीवर आत काय आहे ते व भरल्याची तारीख पक्क्या शाईने लिहावी.